अंगावरचं दूध

रक्त देऊन उठलेल्या बाईने दुधाचा पेला हातात घेतला, आत एकदा पाहिलं आणि तो तसाच मेजावर परत ठेवला. "मी दूध पीत न्हाय," ती म्हणाली. नीरा तेव्हा खाली मान घालून पुढच्या पेल्यात साखर ढवळत होती. पाकिस्तानशी लढाई सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. भाऊच्या धक्क्याजवळच्या एका शाळेत जवानांसाठी रक्त गोळा करायचं काम चाललं होतं आणि नीराच्या महिला मंडळाकडे रक्त देऊन येणाऱ्यांना दूध द्यायचं काम आलं होतं. सकाळपासून तिने कितीतरी हातांत पेले दिले होते. हमालांचे, कारकुनांचे, कॉलेजातल्या मुलींचे. आता धक्क्यावर फुलं-नारळ विकणाऱ्या बायांचा घोळका आला होता, आणि त्यातली ही एक दूध नको म्हणत होती. अहो, घ्यावं लागतं, चक्कर येईल, असं सवयीने म्हणत नीराने मान वर केली आणि चमचा पेल्यातच राहिला. पिकलेले केस, नेसूचा काष्टा, कोपराच्या खळगीत दाबून धरलेला कापूस, आणि मोकळ्या कपाळावर हिरवं तुळशीचं गोंदण. ठमी. ठमीनेही तिला पाहिलं. ओळखलं, यात शंका नव्हती, कारण तिची नजर नीराच्या तोंडावरून खाली कमरेपर्यंत गेली, तिथे जरा थांबली आणि मग बाजूला वळली. पलीकडच्या मुलीला तिने चहा आहे का विचारलं. बशीत ओतून, फुंकर घालून, उभ्याउभ्याच तो चहा प्यायली आणि बायांबरोबर निघून गेली. मागे राहिलेल्या एका बाईला नीराने विचारलं, ती कोण म्हणून. ठमाबाय ती, बाई म्हणाली, किहीमची, रेवसच्या लाँचने येते चाफा घेऊन. नीराला ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतंच. तिला फक्त कोणीतरी 'नाही, ही दुसरीच' असं म्हणायला हवं होतं.

बसमध्ये बसल्यावर तिचा हात कमरेशी गेला. तेव्हा तिला कळलं की ठमी काय पाहत होती. किल्ल्यांचा जुडगा जाऊन वर्षं लोटली होती. त्या घराच्या कोठारांना आता कुलपं होती की नव्हती, कोण जाणे. म्हसळ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत कोंडथर नावाचं गाव, त्यात खोतांचं घर. सोळाव्या वर्षी नीरा तिथे सून म्हणून आली तेव्हा माप ओलांडल्यावर वेणूआत्यांनी, म्हणजे सासऱ्यांच्या विधवा बहिणीने, मागे उभ्या असलेल्या एका मुलीला पुढे ओढलं आणि म्हटलं, ही तुझी. जसं हे तुझं लुगडं, ही तुझी तांब्याची घागर. मुलगी नीराच्याच वयाची होती आणि हसत होती. तिच्या पणजीला खोतांच्या कुठल्याशा पूर्वजाने बटीक म्हणून विकत आणलं होतं. ते दिवस केव्हाच गेले, बटीक हा शब्दही घरात कोणी उच्चारत नसे. 'घरची माणसं' म्हणत. ही घरची माणसं घराच्या खालच्या अंगाला वाडीत झोपड्यांतून राहत. दोन वेळचं जेवण, वर्षाची दोन लुगडी, एक घोंगडी, आणि खोत सांगेल ते काम. त्यांची लग्नं खोत ठरवी, आणि पोर झालं की तेही घरचंच होई. ती निघून का जात नाहीत, असा प्रश्न नीराला कधी पडला नव्हता. ओटीवरचा झोपाळा का निघून जात नाही, असं कोणी विचारतं का?

ठमीशी मात्र तिचं गूळपीठ जमलं होतं. विहिरीवर दोघी एकमेकींच्या पाठी चोळून देत. वेणूआत्या पाय फेंगडे टाकत चालत, त्यांची नक्कल ठमी अशी हुबेहूब करी की नीराला पदर तोंडात कोंबावा लागे. पुढे दोघींना दिवसही बरोबरच गेले. ठमी कोवळ्या चिंचा ओटीत घालून आणी आणि गोठ्यामागे बसून दोघी त्या मिठाला लावून खात. ठमीला आधी मुलगी झाली, मग नीराला मुकुंदा. नीराचा नवरा दत्तात्रेय तेव्हा, मागल्या महायुद्धात, फौजेच्या रसद खात्यात होता, बोटीतून सिंगापूरला गेलेला. मुलगा झाल्याचं त्याला कळलं की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीच्या धगीशेजारी नीरा मुकुंदाला पाजत बसे आणि दाराशी ठमी आपल्या पोरीला. मध्येच कधी दोघींची नजरानजर होई, तेव्हा कोण खोत आणि कोण घरचं माणूस, असं काही त्या खोलीत उरत नसे. असं नीराला वाटे. ठमीला काय वाटत होतं ते तिने विचारलं नव्हतं.

घरी आली तेव्हा दत्तात्रेय रेडिओला कान लावून बसला होता. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावलेला, त्यामुळे खोलीत दिवसाढवळ्याही तिन्हीसांज झाल्यासारखी. मुकुंदा लेफ्टनंट होऊन पंजाबात गेला होता आणि लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. दत्तात्रेयाने वर्तमानपत्रातला नकाशा मांडीवर पसरला होता, पण तो नकाशाकडे पाहत नव्हता, रेडिओकडेही नाही. तो नुसता ऐकण्याच्या पवित्र्यात बसायचा. गेली वीस वर्षं तो असाच बसत आला होता. नीराने चहा टाकला. दूध तापत आलं, त्यावर साय धरू लागली, आणि ती साय थरथरून फुगताना पाहून तिने पाठ फिरवली. ती मोरीशी जाऊन उभी राहिली. मागे दूध उतू गेलं, जळका वास सगळ्या घरात पसरला, तरी दत्तात्रेयाने काय झालं म्हणून विचारलं नाही.

सिंगापूर पडल्यावर पुष्कळ दिवसांनी म्हसळ्याहून टपालवाला तार घेऊन आला होता. बेपत्ता, एवढंच. मेला असंही नाही, जिवंत आहे असंही नाही. तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तार दोनदा वाचली, झोपाळ्यावरून उठले आणि ओटीच्या पायरीवर उजव्या अंगावर पडले. ते अंग पुन्हा उठलं नाही. तोंड वाकडं झालं, जीभ गेली. घरात दुसरा पुरुष नव्हता. संध्याकाळी वेणूआत्यांनी तात्यांच्या उशाखालचा किल्ल्यांचा जुडगा काढून नीरापुढे टाकला आणि म्हटलं, आता हे तू बघ, मी बोडकी बाई, माझं कोण ऐकणार. एकवीस-बावीस वर्षांची नीरा. त्या दिवसापर्यंत तिने कुळांसमोर तोंड उघडलं नव्हतं. पहिले काही दिवस ती माजघराच्या दाराआडून बोलली. मग दारात उभी राहून. मग ओटीवर. आंबे उतरवायच्या सुमाराला ती तात्यांच्या झोपाळ्यावर बसू लागली होती, आणि पायाने जमीन रेटून झोका घेत घेत कोणाच्या मळणीचं भात कमी आलं ते विचारू लागली होती. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला होता, जपानी आज येतात की उद्या अशी भीती होती, मुंबईची माणसं बाडबिस्तरे घेऊन खाडीपलीकडे पळून येत होती. घर राखायला हवं होतं. तिला ते राखता येत होतं. आपला आवाज इतका लांब जातो, हे तिला माहीतच नव्हतं. वाडीतली गडीमाणसं तिचा आवाज ऐकून हातातलं काम टाकून उभी राहत, आणि ती उभी राहिलेली पाहताना तिच्या जिभेखाली काहीतरी पाझरे, गोडसर, कोमट. त्याला काय म्हणायचं ते तिला आजही ठाऊक नव्हतं. हे मात्र ठाऊक होतं की तेव्हा तिला बरं वाटलं होतं. नवरा बेपत्ता, सासरा अंथरुणाला खिळलेला, आणि तिला बरं वाटत होतं.

पण दूध आटलं. तार आली त्या दिवशी चोळी भिजून गेली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही. मेथी झाली, डिंक झाला, शतावरी झाली. गाईचं दूध मुकुंदाला पचेना, बकरीचं ठरेना. तो रडून रडून काळानिळा पडायचा. एका दुपारी ठमीने आपल्या पोरीला मांडीवरून उतरवलं, हात पुढे केले आणि म्हणाली, "द्या हिकडं." कोणी सांगितलं नव्हतं तिला. मुकुंदाने तोंड लावलं आणि घोटामागून घोट घेऊ लागला, तेव्हा नीरा ढसाढसा रडली होती. ठमीच्या पायांशी वाकावं असं तिला वाटलं होतं. वाकली असती तर? खोतांच्या सुनेने बटकीच्या पोरीपुढे? ती वाकली नाही एवढं खरं. आणि आठवड्याभरात ते ठमीने दिलेलं राहिलं नाही, तिने करायचं काम झालं. भात सडणं, पाणी भरणं, मुकुंदाला पाजणं.

"तुला बरं नाही का?" दत्तात्रेयाने आता विचारलं. रेडिओवरच्या बातम्या संपल्या होत्या. नीरा म्हणाली, आज ठमी दिसली. तिला वाटलं होतं की तो कोण ठमी म्हणेल, आणि मग सांगण्यातून ती सुटेल. तो नकाशाची घडी घालू लागला, हळूहळू, जुन्या घड्यांवरून बोट फिरवत. रक्त द्यायला आली होती, किहीमला असते, असं नीराने सांगितलं आणि पुढे हेही म्हणाली की मी उद्या तिच्याकडे जाऊन येते, मुकुंदा तिच्या अंगावर वाढलेला, तिने मनात काही धरलं असलं तर... वाक्य तिला पुरं करता येईना. दत्तात्रेय म्हणाला, "मागायला जाऊ नकोस."

"मी काही मागायला नाही जात."

"जातेस. मुकुंदाचा जीव मागायला जातेस." त्याचा आवाज चढला नाही. "वेणूआत्याने सांगितलं होतं मला. मी आलो त्याच आठवड्यात. पोरीचं, कुलपाचं, सगळं."

नीरा मोरीच्या उंबऱ्यावर बसली. वीस वर्षं. वीस वर्षं हा माणूस तिच्या हातचं जेवला, तिच्या शेजारी निजला, तिच्याशी भाजीपाल्याचं, मुकुंदाच्या शाळेचं बोलला, आणि त्याला माहीत होतं. तिने विचारलं, मग कधी बोलला का नाहीत. तो म्हणाला, काय बोलणार, मी जपान्यांच्या छावणीत तीन वर्षं रोज पाहत होतो, कुलपं लावणारीही माणसंच असतात, संध्याकाळी घरी पत्रं लिहायची. मग त्याने पुन्हा रेडिओ लावला. कुठलंतरी देशभक्तीचं गाणं लागलं होतं आणि ते तो अखेरपर्यंत ऐकत राहिला.

कुलूप. वेणूआत्यांनी ते सांगितलं असणारच. पण सांगताना त्यांनी ते कसं सांगितलं असेल? एकट्या ठमीचं दूध दोघांना पुरेना, हे खरं होतं. मुकुंदाच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या, हेही खरं होतं. म्हणून एके दिवशी नीराने झोपाळ्यावरून सांगितलं की ठमी आता माजघरातच राहील आणि पोरीला खाली वाडीत तिची आजी, ठमीची आई जनी, सांभाळेल, पेजेच्या निवळीवर, बकरीच्या दुधावर. मुकुंदाला न पचलेलं बकरीचं दूध ठमीच्या पोरीला पचेल असं तिने का धरलं होतं? तो विचारच तेव्हा मनात आला नव्हता. ठमी म्हणाली होती, "वैनीबाय, सांजचं निसतं एकदा जाऊन येते. ती मला वळखाया लागलीय." नीराने जाऊ दिलं. संध्याकाळी ठमी धावत खाली जायची आणि वर यायची ती हलकी होऊन यायची. मुकुंदा ओढून ओढून रडायचा. ती तिकडे पाजून येते हे उघडच होतं. तेव्हा एका संध्याकाळी नीराने माजघराच्या मागच्या दाराला कुलूप घातलं. रागाने नाही, भांडण करून नाही. कोठाराला घालावं तसं. किल्ली फिरताना नेहमीसारखा आवाज झाला. खालून वाडीतून पोरीचं रडणं वर येई, दिवेलागणीला तर फारच, आणि ते ऐकू आलं की दाराला पाठ लावून बसलेल्या ठमीच्या चोळीवर दोन ओले गोल पसरत जात. ठमी त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मुकुंदाला मग उचलून तिच्या मांडीवर द्यायचं. वाया कशाला घालवायचं, असं नीराच्या मनात येई. असं खरंच तिच्या मनात येई.

ठमीचा नवरा नामा एकदा ओटीखाली येऊन उभा राहिला. डोक्याचं फडकं काढून हातात धरलेलं. मुंबईला गोदीत लढाईमुळे माणसं घेतायत, बायको-पोरीला घेऊन मी जातो म्हणाला. असं तात्यांसमोर कोणी कधी बोललं नव्हतं. बाई आहे म्हणून हा बोलतो, हे नीराच्या मनात चमकलं आणि तिचं सगळं अंग ताठ झालं. ती म्हणाली, "तू जा की. ठमी इथं राहील. आणि जनीची झोपडी उद्या मोडायला सांगते." तो मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर हलवली नाही. जुडगा बोटात अडकवून ती झोका घेत राहिली. शेवटी तो खाली गेला. तात्या आत पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. ती आत गेली तेव्हा त्यांच्या धडधाकट डोळ्यातून पाणी येत होतं. सून घराण्याला शोभली म्हणून ते पाणी आलं, असं तिने धरलं. दुसरं कशाचं असू शकेल, हा संशय तिला मुंबईत आल्यावर, कधीतरी गव्हातले खडे वेचताना आला होता.

आषाढात वाडीत हगवणीची साथ आली. पहाटे परसदारी कसलीशी चाहूल लागली म्हणून नीराने दार उघडलं तर जनी उभी होती, पदर तोंडात कोंबून. पोर गेली, हे तिने सांगायची गरज नव्हती. नीरा तिला म्हणाली, "थांब इथंच. आवाज करू नकोस." आणि आत आली. माजघरात मंद दिवा होता. ठमी भिंतीला टेकून बसली होती आणि मुकुंदा पीत होता. दुःखाचं दूध लेकराला बाधतं, असं म्हणतात. नीरा समोर बसून राहिली. मुकुंदाने एक बाजू संपवली. ठमीने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. घटक्, घटक्, असा त्याच्या गिळण्याचा आवाज येत होता. ठमी नीराकडे बघत होती आणि नीरा मुकुंदाकडे. दारापलीकडे जनी उभी. त्याचं पोट भरलं, ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला, तो झोपला. मग नीराने त्याला उचलून आपल्याकडे घेतलं आणि सांगितलं. ठमी ओरडली नाही. तिने चोळीची गाठ मारली, उठली, आणि नीराने किल्ली लावेपर्यंत मागच्या दाराशी तोंड करून उभी राहिली. सुतक फिटायच्या आत नीराने तिला बोलावणं धाडलं, कारण मुकुंदा राहीना. ती आली. पुढे तो दोन वर्षांचा होईपर्यंत ठमी त्याला पाजत होती, आणि तेवढ्या काळात कामापलीकडे एक शब्द ती नीराशी बोलली नाही. वेणूआत्यांची नक्कल तर नाहीच. सगळे म्हणत, खोतांच्या सुनेने घर राखलं, वंश राखला. नीराही मान खाली घालून ते ऐकत असे, आणि आत कुठेतरी सुखावत असे.

सकाळच्या लाँचला गर्दी नव्हती. लढाईमुळे लोक घराबाहेर पडत नव्हते. इंजिनाच्या धुराचा आणि सुक्या बोंबलांचा वास मिसळून येत होता आणि बंदरातल्या करड्या लढाऊ बोटी एकेक करून मागे पडत होत्या. असाच एकदा दत्तात्रेय परत आला होता. लढाई संपल्यावर, तात्या गेल्यानंतर, हाडांचा सापळा होऊन. जपान्यांनी कुठल्याशा बेटावर त्यांच्याकडून विमानांसाठी धावपट्टी बांधून घेतली होती, सकाळ-संध्याकाळ शिरगणती करून. पहिल्या दिवशी जेवताना ठमी भात वाढायला आली तेव्हा तो पाटावरून ताडकन उठला आणि हात जोडून उभा राहिला. सगळे गडबडून हसले. मग रोज तो आपलं ताट आपण धुऊ लागला. एके दिवशी त्याने वाडीत जाऊन सांगितलं की ज्याला जायचं त्याने जावं, कोणी अडवणार नाही. त्या दिवशी अडवायला नीरा दारात उभी राहिली होती. गेलात तर पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही, असं ती ओरडली होती. बोचकं डोक्यावर घेतलेली ठमी तिच्या अंगावरून, वाटेतल्या झाडाला वळसा घालावा तशी, निघून गेली. नंतर खोती गेली, जमिनी कुळांच्या झाल्या, दत्तात्रेयाने मुंबईत कचेरीतली नोकरी धरली आणि नीरा इतर बायांसारखी बाई झाली. पापड लाटणारी, हळदीकुंकवाला जाणारी. आतून काहीतरी कापून काढल्यासारखं तिला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. ते पोरीचं दुःख आहे, असं तिने स्वतःला समजावलं होतं. लाँच रेवसला लागताना, धक्क्याच्या पायऱ्यांवरचं हिरवं शेवाळ बघताना, तिला पहिल्यांदा वाटलं की नाही, ते जुडग्याचं दुःख असेल.

किहीमला ठमी एका पारशाच्या बागेत राहत होती. नारळी, पोफळी, चार चाफे, मालक मुंबईला. ती झावळ्यांचे हीर काढत बसली होती, कोयता चराचरा चालत होता. नीराला येताना पाहून तिने कोयता खाली ठेवला नाही. उठलीही नाही. बसा, असं मात्र म्हणाली आणि पायाने एक ओंडका पुढे सरकवला. नीरा बसली. इकडचं तिकडचं विचारून झालं. नामा गेल्या साली वारला. मुलगी आहे एक, मुंबईला गेल्यावर झालेली, ती पेणला दिली. बागेचं काम ठमी एकटी बघते, म्हैन्याच्या म्हैन्याला पगार घेते. पगार हा शब्द तिने नीट, सावकाश उच्चारला. नीराने विचारलं, या वयात रक्त कशाला दिलंस.

"धक्क्यावरच्या समद्या बाया गेल्या, मीबी गेले," ठमी म्हणाली. "त्या डॉक्टरीणबायनं इचारलं, देनार का. असं इचारलं तर न्हाय म्हनता येतं. म्हनून दिलं."

समुद्राचा आवाज बागेपर्यंत येत होता. नीरा बोलू लागली. मुकुंदा लढाईवर आहे, पत्र नाही, सारखं वाईट मनात येतं. तो तुझ्याच अंगावर वाढला, ठमी. तुझं मन त्याच्यासाठी... तुझ्या मनात आमच्याविषयी काही असेल तर ते त्याला लागू नये. एवढं तोंडाने म्हण. ती पुढेही पुष्कळ बोलली. चूक झाली म्हणाली, वय लहान होतं म्हणाली, तेव्हा दिवसच तसे होते म्हणाली. त्या पहाटे तुला सांगायला मी उशीर केला, असंही तिने सांगून टाकलं, कारण ते ठमीला ठाऊक नसणार असं तिला वाटत होतं.

कोयता थांबला. "ठावं हाय मला," ठमी म्हणाली. "पहाटं रडं थांबलं. रोज थांबायचं ते थकून थांबायचं. त्या दिशी तसं थांबलं न्हाय. आय दारात आली ते बी कळलं. तुमी म्होरं येऊन बसलात, तवा मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते, आता सांगतील, आता सांगतील."

"मग तू त्याला खाली का नाही ठेवलंस?"

"त्यो पीत व्हता," ठमी म्हणाली. हीर गोळा करून तिने त्यांची जुडी बांधली, बुडखा जमिनीवर आपटून सारखा केला. "पोराचं वाईट म्या कदी चिंतलं न्हाय. चिंतनार बी न्हाय. त्यासाठी तुमी यायला नको व्हतं. पन आलाच हाय, तर एक इचारते. माज्या पोरीचं नाव काय व्हतं?"

नीराने तोंड उघडलं. नाव जिभेवर असणारच असं धरूनच तिने ते उघडलं होतं. सहा-सात महिने ती पोर तिच्या डोळ्यांसमोर होती. बाळंतिणीच्या खोलीत, गोठ्यामागे, ठमीच्या खांद्यावर. तिच्या कानाच्या पाळीवर तीळ होता, तो आठवला. मुठी चोखायची ती आठवली. बारसं झालं तेव्हा आपण घुगऱ्या खाल्ल्या होत्या, त्या जरा खारट झाल्या होत्या, तेही आठवलं. नाव आठवेना. ती ठमीची पोर होती. घरात सगळे तिला ठमीची पोर म्हणत. नीरा डोळे मिटून त्या घरात शिरली, ओटीवरून माजघरात, माजघरातून परसदारी, आणि तिथून गोठ्यात, आणि गोठ्यात तिला सगळी नावं एकदम आठवली. ढवळी, कपिली, चांदी, डावं शिंग मोडलेली मोरणी, राजा आणि सर्जा बैलजोडी, मोरणीचं वासरू पवळी. तिने डोळे उघडले. ठमी तिच्या तोंडाकडे बघत होती. घाई न करता, तशीच, आता सांगतील, आता सांगतील असं.

"सांग ना तू," नीरा शेवटी म्हणाली.

ठमीने नकारार्थी मान हलवली. रागाने नाही. उठून तिने जुडी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, दुपारची लाँच चुकेल, आता निघा. ती बागेच्या मागच्या बाजूला गेली आणि नारळीच्या बुंध्यांमागे तिचं लुगडं थोडा वेळ दिसत राहिलं.

लढाई थांबली. मुकुंदाचं पत्र आलं, आणि थंडीत रजा घेऊन तो स्वतः आला, धडधाकट, दंडावर एक ओरखडा तेवढा. शेजारणींनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तो भरपूर जेवायचा, मोठ्याने हसायचा, बापाला लढाईचं सांगायचा आणि बाप ऐकायचा. नीरा पोळ्या लाटत राही. लाटता लाटता मनातल्या मनात ती एकेक नाव घेऊन पाही. सोनी. काशी. चिंगी. बायजी. कोंडथरात त्या वर्षी ठेवता येण्याजोगी जितकी नावं होती तितकी. प्रत्येक नाव घेऊन ती जरा थांबे, लाटणं हातात तसंच धरून, कान देऊन, नवऱ्यासारखी. तव्यावरची पोळी करपे. कुठल्याच नावाला ओ येत नसे.